सत्कार, गौरव की सन्मान? पत्रिकेवर काय छापावं?

प्रश्न: बेळगावात नागरी हक्कांसाठी लढलेल्या सीमाभागातल्या कार्यकर्त्यांचा समारंभ आहे. काही हयात, काही दिवंगत. सगळ्यांना 'सत्कार' चालेल का?

उत्तर: नाही. सत्काराला माणूस समोर लागतो, शाल-श्रीफळ स्वीकारणारा. दिवंगतांच्या कार्याचा गौरव होतो. पुरस्कार असेल तर 'मरणोत्तर' लिहा, तो कुटुंबीय स्वीकारतात. 'कुटुंबीयांचा सत्कार' छापलंत तर मान भलत्याच माणसाकडे जातो. 'सन्मान' दोघांनाही चालतो, म्हणून शीर्षकाला तोच बरा.

'हुतात्मा' मात्र फार जपून वापरा. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून झालेल्या आंदोलनात प्राण गेलेले १७ जानेवारी १९५६ चे हुतात्मे किंवा १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातले, ज्यांना दर १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकापाशी अभिवादन होतं, त्यांच्यासाठीच तो शब्द राखलेला आहे. सीमाप्रश्नासाठी सत्याग्रह करून तुरुंगवास भोगलेले आणि पुढे वार्धक्याने गेलेले ते 'सीमासत्याग्रही'. तोही मानाचाच शब्द आहे, कमीपणाचा नव्हे.

दुसरं उत्तर: पत्रिका दोन्ही भाषांत असेल तर 'प्रशस्ती'वर नजर ठेवा. कन्नडात 'प्रशस्ति' म्हणजेच पुरस्कार, उदाहरणार्थ 'राज्योत्सव प्रशस्ति'. कन्नड मजकूर समोर ठेवून मराठी जुळवला की 'प्रशस्ती प्रदान समारंभ' असं उतरतं. मराठी वाचकाला त्यात फक्त स्तुती दिसते, पुरस्कार दिसतच नाही. 'पुरस्कार प्रदान' लिहा. 'प्रशस्तिपत्र' ठीक, पण 'स्ति' ऱ्हस्व.

प्रश्न: 'नागरी' हक्क की 'नागरिक' हक्क? 'नागरी' म्हटलं की सहकारी बँकच आठवते.

उत्तर: 'नागरी'च. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याला १९७६ मध्ये नवं नाव मिळालं, तेव्हापासून मराठीत तो 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम' आहे. 'नागरिकांचे हक्क' असं सोडवून लिहिलंत तरी चूक नाही. एखाद्याचं काम मराठी शाळा किंवा मराठीतली सरकारी कागदपत्रं यासाठी असेल, तर नेमकं 'भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क' म्हणा. ढोबळ शब्दात माणसाचं काम हरवतं.

तिसरं उत्तर: विभक्तीही तपासा. 'यांना सत्कार' नव्हे, 'यांचा सत्कार'. पण 'यांना पुरस्कार'. संस्थेच्या 'वतीने', व्यक्तीच्या 'हस्ते'. 'समितीच्या हस्ते' हे सर्रास छापलं जातं, ते चूक. आणि 'पुरस्कार विजेते' नको, ही स्पर्धा नव्हती. 'मानकरी' लिहा.