मदत हवी आहे: लेनोवो, एचपी आणि डेलची तुलना नेमकी कशी करावी?

नमस्कार मंडळी. पीसी बनवणाऱ्या कंपन्यांचा बाजारातला वाटा आणि त्यांच्या शेअरची चाल यांचा मेळ लागतो का, हे महिनाभर तपासतोय, आणि एका जागी अडकलोय.

लेनोवोने 2005 साली आयबीएमचा पीसी व्यवसाय घेतला. आज विकलेल्या नगांच्या हिशेबात ती जगात पहिली आहे, एचपी दुसरी, डेल तिसरी. पण 2024 मध्ये गुंतवणूकदार डेलमागे धावले ते एआय सर्व्हरमुळे, लॅपटॉपमुळे नव्हे. एचपीचं तर आणखी वेगळं: 2015 च्या विभाजनानंतर पीसी आणि प्रिंटर तिच्याकडे राहिले. विक्रीचा मोठा भाग पीसीचा, पण नफ्याचं प्रमाण प्रिंटिंगमध्ये कितीतरी जास्त (शाई-टोनरची कमाई!). म्हणजे शेअरच्या भावात पीसीचा हात किती, हे वेगळं काढायचं कसं?

दुसरी अडचण तारखांची. लेनोवोचं आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं, एचपीचं ऑक्टोबरअखेर, डेलचं जानेवारीअखेरच्या सुमारास. आयडीसी या बाजार-संशोधन संस्थेचे बाजारातल्या वाट्याचे आकडे मात्र कॅलेंडर तिमाहीचे. शिवाय डेल 2013 ते 2018 शेअर बाजाराबाहेर होती, त्यामुळे तो काळ कोराच.

तिमाह्या जुळवण्याची साधी पद्धत कुणी वापरली आहे का? आणि फक्त पीसी विभागाचा नफा घेऊन तुलना केली तर चालेल, की भावाशी त्याचा संबंध जोडणंच चूक ठरेल? ताळेबंद वाचणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगा.