मदत हवी आहे: नव्या लॅपटॉपला विकतचा अँटीव्हायरस घ्यावा का?

तापीकाठचा

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी चोपड्याहून जळगावला जाऊन घरासाठी लॅपटॉप आणला. विंडोज ११ होम, ८ जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी. दुकानदाराने काही न विचारता तीन वर्षांच्या 'टोटल सिक्युरिटी'चे १८०० रुपये धरूनच आकडा सांगितला. म्हटलं, एवढे राहू द्या, विचार करून सांगतो. तर म्हणतो, "भाऊ, बिना अँटीव्हायरसचा लॅपटॉप म्हणजे बिना कुंपणाची केळी." कुंपणातलं मला कळतं, कॉम्प्युटरमधलं कळत नाही, म्हणून इथे विचारतोय.

वापर सगळ्या घराचा आहे. बायको झेडपी शाळेत शिक्षिका. तिचं यू-डायस, शालार्थ, एक्सेलमधले निकाल. तिचा पेनड्राइव्ह शाळेतून केंद्रशाळेत, तिथून झेरॉक्सवाल्याकडे आणि मग घरी, असा गावभर फिरून येतो. मुलगी बारावीला, तिचा सीईटीचा अभ्यास. आप्पा (वडील, वय ७१) केळीच्या पट्ट्यांचे (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्यांचे) फोटो जपून ठेवतात आणि कीर्तनं ऐकतात. नेट बँकिंग फक्त मी करतो.

लॅपटॉपमध्ये कंपनीकडूनच एक ३० दिवसांचा अँटीव्हायरस आलाय. किती दिवस उरले ते रोज सकाळी मोजून दाखवतो. विंडोजचाही स्वतःचा असतो म्हणे. मग हा तिसरा कशाला? की असू द्यावेत तिन्ही? एकदा पोळलोय म्हणून विचारतो. जुन्या लॅपटॉपवर पैसे भरून घेतलेला होता, तरी सगळं गेलं.

आणि सोमवारपासून नवीनच त्रास सुरू झालाय. आप्पा बसले की उजव्या कोपऱ्यात खाली लाल चौकट येते, इंग्रजीत: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले. आप्पा लॅपटॉप मिटून ओट्यावर जाऊन बसतात. चार दिवसांच्या लॅपटॉपमध्ये पाच व्हायरस आले कुठून?

भरीतपार्टी

दुकानदारनं काय ऐकस भाऊ! मना लॅपटॉपले चार वरीस व्हयनात, विंडोजवाला डिफेंडरच शे. इकत काहीच लिधं नई.

जुना मेकॅनिक

तिन्ही अजिबात ठेवू नका. दोन अँटीव्हायरस जागे असले की एकाच फाइलवर दोघे तुटून पडतात आणि लॅपटॉप रांगायला लागतो.

विंडोज ११ मध्ये डिफेंडर आधीपासूनच असतो. फुकट, आणि त्याला मुदतही नाही. मात्र दुसरा कोणी येऊन बसला की तो बाजूला होतो, म्हणजे तुमच्याकडे आज तो झोपलेला आहे. तो ३० दिवसवाला सेटिंग्जमधल्या ॲप्समध्ये जाऊन काढा, लॅपटॉप रीस्टार्ट करा. डिफेंडर आपोआप उठतो. खात्री करायची तर सर्चमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' टाइप करून उघडा आणि हिरव्या टिका आहेत का बघा.

जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन संस्था अँटीव्हायरसच्या परीक्षा घेतात. तिथे डिफेंडर गेली काही वर्षं विकतच्यांच्या पंगतीला बसतो. पूर्वी असं नव्हतं. तुमचा दुकानदार खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही, तो जुन्या काळातलं बोलतोय. (कमिशन सुटत असेल तर ते वेगळं.)

आता आप्पांची लाल चौकट. ती व्हायरसचीही नाही आणि अँटीव्हायरसचीही नाही, ब्राउझरचं नोटिफिकेशन आहे. कीर्तन डाउनलोड करायला एखाद्या साइटवर गेले असतील, तिथे 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा' असं आलं असेल, आप्पांनी दाबलं असेल. नीट बघा, चौकटीत बारीक अक्षरांत क्रोमचं नाव आणि त्या साइटचा पत्ता दिसेल. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी मिळालेल्या साइटींची यादी असते, अनोळखी नावं काढून टाका. चौकटीवर मात्र क्लिक करू नका, आणि एखाद्या पानावर 'मायक्रोसॉफ्टला फोन करा' म्हणून नंबर दिसला तर लावू नका. खरा विंडोज नंबर देऊन फोन करायला सांगत नाही.

एक सांगा, जुन्या लॅपटॉपचं नेमकं काय झालं होतं? 'सगळं गेलं' म्हणजे काय?

तापीकाठचा

मेकॅनिकभाऊ, चौकट गेली! यादीत अकरा साइटी निघाल्या, त्यातली यूट्यूब सोडून एकही ओळखीची नव्हती. आप्पांना सांगितलं तर म्हणे, "मी काहीच दाबलं नाही."

जुन्याचं सांगायला जरा लाज वाटते. माझा भाचा लग्नपत्रिका करतो. सीझनमध्ये त्याचा कॉम्प्युटर बिघडला म्हणून पंधरा दिवस आमच्याकडे बसायचा. त्याने एका डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालणारी चोरटी प्रत, उतरवला. झिप फाइल, तिला पासवर्ड, आत एक चिठ्ठी: आधी अँटीव्हायरस बंद करा. याने केला. मी शेजारी बसून चहा पीत होतो, मलाही काही वाटलं नाही.

संध्याकाळी मुलीचे फोटो उघडायला गेलो तर एकही उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावामागे चार अक्षरांचं भलतंच शेपूट, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची एक फाइल. तिच्यात लिहिलेलं, ९८० डॉलर द्या, ७२ तासांच्या आत आलात तर ४९०. निम्मी सूट! आमचा केळीचा व्यापारीसुद्धा एवढा खाली येत नाही. पैसे दिले नाहीत. लॅपटॉपवाल्याने फॉरमॅट मारायचं सांगितलं, पण हिने मारू दिलं नाही. ती हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवलीय. मुलीचे बारशापासून दहावीपर्यंतचे फोटो आहेत त्यात.

जुना मेकॅनिक

९८० आणि ४९० म्हटलं की कळलं. हा स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाचा रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस. क्रॅकमधून पसरतो, घरगुती लोकांनाच जास्त पकडतो. म्हणजे तुमचा विकतचा अँटीव्हायरस हरला नव्हता, त्याला घरातल्याच माणसाने दार उघडायला लावलं होतं. आता १८०० चा घ्या नाहीतर ५००० चा, 'आधी बंद करा' वाचून बंद केला तर सगळे सारखेच.

वहिनींनी फॉरमॅट करू दिलं नाही हे फार बरं झालं. ती डिस्क फेकू नका. 'नो मोअर रॅन्सम' नावाची साइट आहे, युरोपोल आणि डच पोलिसांनी काही सुरक्षा कंपन्यांबरोबर २०१६ मध्ये सुरू केलेली. तिथे लॉक झालेली एखादी फाइल आणि ती रीडमी चढवली की प्रकार ओळखून चावी उपलब्ध आहे का ते सांगते. फुकट आहे. डीजेव्हीयूच्या काही जुन्या प्रकारांच्या चाव्या मिळतात. नव्यांत लॉक करताना इंटरनेट चालू असेल तर प्रत्येक कॉम्प्युटरची चावी वेगळी पडते, मग कठीण. आशा फार ठेवू नका, पण बघा. 'डेटा नक्की काढून देतो' म्हणणाऱ्याला ॲडव्हान्स देऊ नका. आणि ती डिस्क नव्या लॅपटॉपला स्वतः जोडू नका, जाणत्याकडून फक्त दोन-तीन लॉक झालेल्या फाइली काढून घ्या.

दुसरं, आणि हे आज रात्रीच करा. हा प्रकार बऱ्याचदा सोबत पासवर्ड चोरणाराही आणतो. त्या लॅपटॉपवर जे जे पासवर्ड सेव्ह होते, मेल, बँक, शालार्थ, सगळे बदला. मेलला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा.

मेहरूणची बोर

पेनड्राइव्हवर मी बोलते, मीही शिक्षिका. केंद्रशाळेतून आणलेला पेनड्राइव्ह उघडला आणि आत फोल्डरऐवजी त्याच नावाचा शॉर्टकट दिसला, चिन्हाच्या खालच्या कोपऱ्यात छोटासा बाण, तर हात लावायचा नाही. खरं फोल्डर गेलेलं नसतं, लपवलेलं असतं. बाणावर डबल क्लिक केलं की रोग आपल्या लॅपटॉपमध्ये. आधी पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून डिफेंडरने स्कॅन करायचं, मगच उघडायचं. मी तर आता झेरॉक्सवाल्याकडे पेनड्राइव्ह नेतच नाही, पीडीएफ मेल करते. तो कुरकुरतो, पण काढून देतो.

शेवभाजी

विकतचं सगळं वाया असंही नको म्हणायला. माझ्या सासऱ्यांसाठी मी पुण्याच्या क्विक हीलचा घेतलाय, काही अडलं तर फोनवर माणूस भेटतो म्हणून. फोनवरची मदत किंवा मुलांवर लक्ष ठेवायची सोय हवी असेल तर घ्या. फुकटवाल्यांबाबत मात्र जपून. लोकांच्या ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अव्हास्टला अमेरिकेत २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले.

बँकेचा पत्ताही बघत जा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर जायला सांगितलं होतं. शेवट तसा नसेल तर थांबा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

जुना मेकॅनिक

उरलेलं दोन मिनिटांत. विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअर प्रोटेक्शनमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' असतं, बंदच येतं, ते चालू करा. अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स-पिक्चर्समध्ये लुडबुड करू देत नाही. कधी चांगल्या प्रोग्रामलाही अडवतं, तेव्हा त्याला परवानगी द्यायची. ॲडमिन अकाउंट एकट्या तुमचं, बाकी सगळ्यांना स्टँडर्ड, म्हणजे सिस्टीममध्ये बदल करायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो.

आणि त्या १८०० मध्ये थोडी भर घालून बाहेरची हार्ड डिस्क घ्या. महिन्यातून एकदा फोटो, पट्ट्या, निकाल तिच्यात टाकायचे आणि वायर काढून ठेवायची. जोडलेलीच राहिली तर तीही लॉक होते.

तापीकाठचा

सगळ्यांचे आभार. ३० दिवसवाला काढला, डिफेंडर उठला, टिका हिरव्या आहेत. पासवर्ड बदलले. शालार्थचा हिला आठवत नव्हता, त्यात रात्रीचे अकरा वाजले. हार्ड डिस्क शनिवारी जळगावहून आणतो, त्याच दुकानातून, म्हणजे त्यालाही वाईट वाटायला नको.

कपाटातल्या डिस्कमधून दोन फाइली काढून घेतल्या आणि त्या साइटवर चढवून बघितल्या. या प्रकाराची चावी सध्या नाही, असं आलं. डिस्क परत कपाटात ठेवलीय. दर दिवाळीला बघत जाईन.

दुपारी भाच्याचा फोन आला होता. "मामा, नवा लॅपटॉप आणला म्हणे? एक पत्रिका अर्जंट आहे." ये म्हटलं. त्याचं स्टँडर्ड अकाउंट तयार करून ठेवलंय, ॲडमिनचा पासवर्ड हिलाही सांगितलेला नाही.