क्ले बार: बॉनेटवर रव्यासारखी खरखर आणि नारिंगी ठिपके, आधी काय करायचं?

पोडियम_पी२

पांढरी हॅचबॅक, २०२० ची. रंग मूळ कंपनीचा, फक्त मागचा डावा दरवाजा दोन वर्षांपूर्वी गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेला. गाडी माटुंग्याला रेल्वेच्या भिंतीलगत उघड्यावर असते. शाम्पूने धुऊन वाळवल्यावरही बॉनेट आणि छतावर हात फिरवला की रव्यावरून फिरवल्यासारखा लागतो. जवळून पाहिलं तर टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके आहेत, डिकीच्या दारावर जास्त. नखाने निघत नाहीत.

१०० ग्रॅमची निळी क्ले (रंगावर चिकटलेली घाण खेचून काढणारा कणकेसारखा गोळा) आणली आहे, वेष्टनावर 'फाइन' लिहिलंय. क्लेने ओरखडे पडतात म्हणतात, ते कितपत खरं? लूब, म्हणजे क्ले सरकावी म्हणून मारायचा निसरडा फवारा, त्यासाठी घरातलं काही चालेल का? सोसायटीत पाइप लावायला मनाई आहे, दोन बादल्या पाणी मिळेल. शिवाय उजव्या फेंडरवर वरच्या मजल्याच्या दुरुस्तीतले सिमेंटचे सात-आठ थेंब वाळून बसलेत. तेही क्लेनेच काढायचे का?

---

क्लीअरकोट_४०

क्ले अजून उघडू नका. ते ठिपके गंजाचेच आहेत, पण तुमच्या पत्र्याचे नाहीत. चाकं, रूळ आणि ब्रेक घासून लोखंडाचा बारीक चुरा उडतो, तो रंगावर बसतो, थोडा रुततो आणि आपल्या दमट हवेत तिथेच गंजतो. पांढऱ्या गाडीवर तो दिसतो एवढंच. शेजारच्या काळ्या गाडीवरही तितकाच असणार, तिच्या मालकाला पत्ता नसतो.

क्ले पृष्ठभागाच्या वर आलेलं तेवढंच खेचते. रुतलेल्या कणाचं डोकं उडतं, मूळ आत राहतं आणि काही आठवड्यांत ठिपका परत उगवतो. वर तो उपटलेला लोखंडाचा कण क्लेमध्ये अडकून पुढच्या फुटभर रंगावर फिरतो तो वेगळाच. म्हणून आधी आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारा फवारा. गाडी धुतल्यावर, पत्रा गार असताना, सावलीत मारायचा. हॅचबॅकचं छत, बॉनेट, डिकी आणि दरवाजांना साधारण २०० मिली पुरतो. दोन-तीन मिनिटांत ठिपक्यांतून जांभळे ओघळ सुटायला लागतील. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग करतं, त्याचा तो रंग. पाच मिनिटांच्या वर ठेवू नका आणि कुठल्याही परिस्थितीत पॅनेलवर वाळू देऊ नका, वाळला की डाग धरतो. हातमोजे घाला. वास सडक्या अंड्यासारखा येतो, त्यामुळे बंद पार्किंगमध्ये मारलात तर सेक्रेटरींचा फोन येईल. ठिपके दाट असतील तर धुऊन दुसरा हात मारा. बरेचसे इथेच जातील.

दाराच्या खालच्या पट्टीवर डांबराचे काळे ठिपके असतात, त्यांना टार रिमूव्हर. रॉकेलनेही डांबर सुटतं, पण तेलकट थर राहतो आणि रबराच्या पट्ट्या फुगतात. वापरलंत तर लगेच शाम्पूने धुवा.

मग पिशवीची परीक्षा. पातळ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून ओल्या पॅनेलवर बोटांची टोकं हलकेच फिरवायची. नुसत्या बोटांना लागत नाही ती खरखर पिशवीतून चांगली कळते. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर भाजीची पिशवी घरात नसेल तर ब्रेडच्या पाकिटाचं आवरण घ्या. जिथे गुळगुळीत लागतं तिथे क्ले फिरवायची गरजच नाही. 'वर्षातून दोनदा क्ले' असं वेळापत्रक करणारे लोक विनाकारण रंग घासत असतात.

आता क्ले. १०० ग्रॅमचे तीन तुकडे करा. एक वरच्या भागाला, एक खालच्या भागाला, तिसरा डब्यात राखीव. तुकडा कणकेसारखा मळून पुरीएवढी चपटी चकती करा, चार बोटांखाली मावेल इतकी. पॅनेलचा दीड-दोन फुटांचा चौकोन घ्या, त्यावर लूब मारा, चकतीवरही मारा. हात सरळ रेषेत, पुढे-मागे. गोल गोल नाही, कारण चुकून रेघ उठलीच तर सरळ रेघ नजरेला कमी लागते आणि पॉलिशने काढायला सोपी जाते. दाब चकती पडू नये इतकाच. सुरुवातीला खसखस आवाज येईल आणि हात अडखळेल, दहा-पंधरा फेऱ्यांत आवाज थांबून चकती पाण्यावरून सरकल्यासारखी जाईल. तो चौकोन झाला. चकती उलटी करून बघा, तपकिरी-करड्या रेघा दिसतील. तो भाग आत दुमडा, परत मळा, स्वच्छ बाजू वर आणा. प्रत्येक चौकोनानंतर हे करायचंच. ओरखड्यांच्या निम्म्या तक्रारी मळलेली बाजू तशीच पुढे ओढल्याच्या असतात.

उरलेल्या निम्म्या कोरड्या पॅनेलच्या. लूब दिसायला अति वाटेल इतकं हवं. चकती चिकटली, ओढ लागली, की थांबा आणि अजून मारा. जोर लावू नका.

लूब घरी करता येतं. एक लिटर पाण्यात ५ ते १० मिली पीएच-न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्कली) कार शाम्पू, साध्या स्प्रेच्या बाटलीत. भांडी घासायचं लिक्विड नको, ते वाळतं लवकर आणि ओशटपणा काढायला बनवलेलं असतं, निसरडेपणासाठी नाही. वॅक्सवाला शाम्पूही नको. सिट्रस किंवा सॉल्व्हंट असलेल्या कशानेही क्ले पिठूळ होऊन रंगावर फासली जाते. तसं झालंच तर टार रिमूव्हरचा हलका बोळा, मग धुणं. पाणी नळाचं घ्या. भातसा-तानसाचं पालिकेचं पाणी मऊ असतं. टँकरचं, बोअरचं जड असू शकतं. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी काटकसरीने गाडीसाठी साठवतात, त्यात तर क्षार आणखी दाट झालेले असतात. गाडीवर ते नकोच.

फाइन क्लेच बरोबर आहे. मीडियम आणि हेवी मशीन पॉलिश हाताशी असेल त्यांच्यासाठी.

---

दोन_बादल्या

वरच्या उत्तराशी बहुतेक सहमत, पण दोन बादल्यांच्या हिशेबात आयर्न रिमूव्हर धुणं हीच अडचण आहे. त्यावर उपाय म्हणजे दोन लिटरचा हाताने हवा भरायचा पंप स्प्रेअर, झाडांना मारतात तो. एकेक पॅनेल करायचं: रिमूव्हर, चार मिनिटं, स्प्रेअरने वरून खाली धुणं, ओल्या मायक्रोफायबरने एकदा टिपणं, मग पुढचं पॅनेल. सगळी गाडी एकदम माखून बसलात तर बॉनेट धुईपर्यंत छत वाळतं.

दुसरं, बारपेक्षा क्ले मिट, म्हणजे हातात घालायचा मोजा, घ्यायला हवा होता. त्याच्या एका बाजूला रबरासारखा पॉलिमरचा थर असतो. जमिनीवर पडला तर धुऊन परत वापरता येतो. क्लेचा तुकडा पडला की संपला, तो कचऱ्यात. फरशीवरची वाळू त्यात रुतते, कितीही धुतली तरी निघत नाही आणि मळून आत गेली की कुठल्या क्षणी वर येईल सांगता येत नाही. उघड्यावर काम करताना हा फरक मोठा. नवीन मिट मात्र आधी काचेवर मिनिटभर फिरवून घ्यायचा, त्याचा वरचा ताठपणा जातो.

---

क्लीअरकोट_४०

मिट वेगात जिंकतो, मान्य. पण मिटखाली काय अडकलंय ते बोटांना कळत नाही. बार दुमडून स्वच्छ बाजू मिळते, मिट नुसता खंगाळायचा आणि बादलीत पाणी मोजकं असलं की खंगाळणं नेमकं कमी होतं. पहिल्यांदाच करणाऱ्याला, त्यातही दोन बादल्यांत, बारच बरा. पडायची भीती म्हणून तर तीन तुकडे सांगितले.

---

काच_आणि_क्रोम

सिमेंटवर क्ले अजिबात नको. थेंब म्हणजे चुना आणि वाळू. क्लेने वाळूचा दाणा सुटला की तोच पॅनेलभर ओढला जाणार. साधं पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करा, त्यात कापूस भिजवून थेंबावर ठेवा. पाच मिनिटं, मग भरपूर पाणी. थेंब वरून मऊ पडतो, तेवढा थर बोटाने अलगद ढकलायचा, खरवडायचा नाही. सात-आठ वेळा करावं लागलं तरी चालेल. क्रोमच्या पट्टीवर किंवा उघड्या धातूवर ओघळ जाऊ देऊ नका. थेंब गेल्यावर खाली फिकट वर्तुळ उरलं तर ते सिमेंट नाही, चुन्याने क्लीअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) खाल्लाय. ते काम पॉलिशचं.

जे विरघळतं किंवा मऊ पडतं त्यावर क्ले नको, याच नियमाने बाकीचंही ओळखा. विलायती शिरीषाखाली गाडीवर जो चिकट थर पडतो तो किडीचा साखरपाक असतो, कोमट पाण्याने सुटतो. आंब्याचा वाळलेला चीक आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने अर्ध्या मिनिटात मऊ होतो. कावळ्याच्या विष्ठेने पडलेला खड्डा क्लेने जाणार नाही, कारण तिथे वर चिकटलेलं काहीच नसतं. समुद्राकडच्या गाड्यांवरचं मीठ पाण्यात विरघळतं. क्लेचं खरं काम इमारत रंगवताना उडालेली फवारी काढणं, रिमूव्हरने न गेलेले लोखंडाचे कण, काचेवरचा जुना थर. काचेवर जरूर करा. वायपर करकर वाजत असेल तर बऱ्याचदा रबर बदलायच्या आधी काच क्ले करून बघावी.

न रंगवलेल्या काळ्या प्लास्टिकवर क्ले नेऊ नका, पांढुरके डाग राहतात. मास्किंग टेप लावा. मॅट रंगावर तर क्ले नाहीच, घासलेली जागा चकाकते आणि ती चकाकी परत जात नाही.

---

पोडियम_पी२

खूप उपयोगी. रिमूव्हर आणि स्प्रेअर आणतो. तीन शंका राहिल्या. पुन्हा रंगवलेल्या दरवाजाचं काय? क्ले झाल्यावर पॉलिश करावंच लागतं का, मशीन नाही माझ्याकडे. आणि क्ले गरम पाण्यात बुडवून मऊ करा असं बऱ्याच व्हिडिओंत दाखवतात, ते इथे लागतं का?

---

क्लीअरकोट_४०

गरम पाणी थंड प्रदेशातल्यांसाठी. मुंबईत उलटी अडचण असते: एप्रिल-मेमध्ये दहाच्या उन्हात क्ले च्युइंगगमसारखी होते आणि रंगावर तार धरते. सकाळी सात ते नऊमध्ये करा, बॉनेटला उलटा तळहात लावून बघा, कोमट लागलं तरी थांबा. तुकडा फार मऊ झाला तर गार पाण्यात दोन मिनिटं बुडवायचा. उरलेली क्ले लूबचा फवारा मारून घट्ट झाकणाच्या डब्यात, कपाटात. गाडीत ठेवलीत तर वितळून डब्याला चिकटेल.

दरवाजा दोन वर्षांचा आहे म्हणजे पेंट पुरता वाळलाय, तो प्रश्न नाही. प्रश्न क्लीअर कोट आहे की नाही हा. आतल्या कडेला, झाकल्या जागी, पांढऱ्यावर कळणार नाही म्हणून काळ्या कापडावर चिमूटभर पॉलिश घेऊन घासा. कापडावर पांढरा रंग उतरला तर वर क्लीअर कोट नाही. तिथे क्ले सर्वांत शेवटी, अगदी हलक्या हाताने किंवा नकोच. क्लेवर पांढरी भुकटी दिसली तर ती घाण नव्हे, तुमचाच रंग आहे.

पॉलिशचं असं आहे. कंपनीचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो, त्यात क्लीअर कोट चाळीसेक. माणसाचा केस सत्तरच्या आसपास धरा, म्हणजे अंदाज येईल. फाइन क्लेने बारीक धुरकटपणा येऊ शकतो. गडद रंगावर तो उन्हात लगेच दिसतो, पांढऱ्यावर बहुतेक वेळा दिसतच नाही. धुऊन, पुसून, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. काही दिसलं नाही तर पॉलिश सोडून द्या. दिसलं तर हाताने, फोमच्या ॲप्लिकेटरवर बारीक फिनिशिंग पॉलिश, एकावेळी एक फुटाचा चौकोन.

रंग झाकणारा वॅक्स किंवा सीलंटचा थर मात्र त्याच दिवशी. रिमूव्हर आणि क्ले मिळून जुना थर बराचसा उतरवतात, रंग उघडा पडतो. भिंतीपलीकडे लोकल थोड्याच थांबणार आहेत! मुंबईच्या उन्हापावसात साध्या वॅक्सपेक्षा सिंथेटिक सीलंट जास्त टिकतं. पातळ थर, सांगितलेला वेळ वाळू द्या, पुसा, पुढचे काही तास गाडी ओली होऊ देऊ नका. म्हणजे जूनच्या आधी उरकून घ्या.

---

दोन_बादल्या

एक राहिलं. रोज सकाळी गाडी पुसणारे दादा असतील तर त्यांच्याशी आधी बोला. एक फडकं, एक बादली, वीस गाड्या. धूळ बसलेल्या पॅनेलवर ते ओलं फडकं फिरलं की क्लेने जपलेल्या रंगावर आठवडाभरात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा. त्यांना फक्त काचा आणि आतली सफाई द्या, बाहेरचं तुम्ही आठवड्याला एकदा. तेवढं जमत नसेल तर तुमची स्वतःची चार मायक्रोफायबर देऊन ठेवा, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कापडाची जाडी) वरची, आणि कोरडं पुसू नका एवढं सांगा. पैसे तेवढेच राहतील म्हटलं की कुणाची हरकत नसते.