मदत हवी आहे: आईच्या पोटासाठी प्रोबायोटिक, इसबगोल, एन्झाइमचं सिरप... सगळं एकदम चालेल का?

नमस्कार मंडळी,

आईचं वय ६७. मध्यंतरी दाढ काढली, अँटिबायोटिकचा कोर्स झाला आणि तिथून पोटाचं तंत्र बिघडलं. जुलाब थांबले, पण आता दोन दिवस साफ होत नाही, मग एकदम सैल. संध्याकाळी पोट फुगून टम्म. ताप नाही, रक्त नाही, वजन तेवढंच. डॉक्टर तपासून म्हणाले, "बसेल हळूहळू."

आमच्या घरात 'हळूहळू' कुणाला पटतंय! डॉक्टरांनी दिलेल्या बॅसिलस क्लॉसीच्या (हेही प्रोबायोटिकच, म्हणजे पोटाला उपयोगी जंतू) कुप्या संपल्या. मग मेडिकलवाल्याने डायस्टेज-पेप्सिनचं, म्हणजे पाचक एन्झाइमचं, सिरप दिलं, मावशीने इसबगोल आणलं, भावाने प्रोबायोटिक कॅप्सूल मागवल्या. आई बिचारी सगळ्यांचं मन राखते. इसबगोलावर मात्र तिचा राग आहे. ग्लासात टाकून फोन घ्यायला गेली की येईस्तोवर लगदा. "हे शेंबडासारखं कोण पिणार" म्हणत आता अर्ध्या कप पाण्यात कसंबसं गिळते. तेही थायरॉइडच्या गोळीनंतर अर्ध्या तासात.

यातलं काय ठेवू, काय बंद करू? आणि घरचं ताक रोज असताना कॅप्सूल हवीच का? डॉक्टरांकडे सोमवारी जायचंय. ("सगळं सोडा, गरम पाणी प्या" हे आत्याने सांगून झालंय.)

प्रतिसाद १

आधी थायरॉइडचं बघा. इसबगोलामुळे ती गोळी कमी शोषली जाऊ शकते, दोन्हींत चार तास तरी जाऊ द्या. इसबगोल रात्रीवर न्या. आणि अर्धा कप पाणी अजिबात नको, ते घशात फुगून अडकू शकतं. मोठा ग्लासभर पाणी, टाकलं की ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी थोडं पाणी. सुरुवात एका लहान चमच्याने. एकदम वाढवलं तर गॅस होणारच.

सिरप मी पहिलं बंद करेन. स्वादुपिंड ठीक असेल तर पाचक रस शरीर स्वतःच बनवतं. जुनाट पॅन्क्रिएटायटिससारख्या (स्वादुपिंडाला सूज) आजारात एन्झाइम खरोखर लागतात, पण त्या पॅन्क्रिएटिनच्या कॅप्सूल वेगळ्या, डॉक्टरच लिहून देतात.

प्रतिसाद २

आई दिवसात चहा किती घेतात? जुलाबानंतर काही काळ दुधातली साखर पचत नाही, त्यानेही पोट फुगतं. दूध कमी करून बघा, ताक असू द्या. ताकात जंतू असतात, पण कुठले नि किती हे घरोघरी वेगळं. म्हणून कॅप्सूल सरस ठरते असंही नाही. जो जंतू जुलाबात उपयोगी पडतो तो फुगण्यावर चालेलच असं नाही, आणि बाटलीवर नावं जास्त म्हणजे गुण जास्त, हेही नाही. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर लागू काय पडलं ते कळणार कसं? पाण्यासारखे जुलाब पुन्हा सुरू झाले किंवा ताप आला तर मात्र सोमवारची वाट बघू नका.

धागाकर्ता

दोघांचे आभार. चहाचं विचारलं तर आईने विषयच बदलला, म्हणजे समजलं! सिरप आजच बंद. गोळी आणि इसबगोल इतके दिवस लागोपाठ घेतलंय, तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा करायला हवं का?

प्रतिसाद १

डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. टीएसएच हळू बदलतं, लगेच केलं तर खरं चित्र दिसणार नाही. कधी करायचं ते तेच ठरवतील. गोळीचा डोस मनाने वाढवू नका.