मशीन, जुन्या साड्या आणि लहान मुलांचे कपडे : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सी-४०३ : नमस्कार सगळ्यांना. आपल्या भागात शिलाई मशीन दुरुस्त करणारं कोणी आहे का? सासूबाईंची जुनी काळी मशीन आहे. वरून टीप चांगली दिसते, पण खाली दोऱ्याचं जाळं होतंय. दिवाळीसाठी लेकीचं परकर-पोलकं शिवायचंय.

डी-१०२ : वहिनी, माणूस बोलावण्याआधी एकदा दोरा पूर्ण काढून परत ओवून बघा. माझ्या वडिलांचं टेलरिंगचं दुकान होतं, त्यामुळे हे लहानपणापासून बघत आलोय. खाली जाळं झालं की सगळे बॉबिनच्या (खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या) मागे लागतात, पण बहुतेक वेळा गडबड वरच्या दोऱ्याची असते. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली असताना दोरा ओवला तर तो दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसत नाही. फूट वर उचला, मग ओवा.

डी-१०२ : सुईपण बघून घ्या. काळ्या मशीनला सुईची चपटी बाजू उजवीकडे येते आणि दोरा डावीकडून घालतात. नव्या पद्धतीच्या मशीनला चपटी बाजू मागे असते. सुती साडीला १४ नंबरची सुई, जीन्सला १६, मलमल किंवा तलम सिल्कला ११. आणि तेल मशीनचंच घाला. खोबरेल घातलं तर थंडीत गोठतं आणि मशीन जड होते.

सी-४०३ : झालं दादा! फुटाचंच होतं. खूप खूप आभार.

ए-५०१ : मला एक विचारायचंय, वाईट वाटून घेऊ नका. परकर-पोलकं तयार मिळतं की. कापड, अस्तर, लेस, दोरा असं सगळं धरलं आणि वर आपला वेळ, तर घरी शिवून परवडतं का? ऑफिस आणि पोरगं सांभाळून मला तर हे शक्यच वाटत नाही.

बी-३०४ : ताई, प्रश्न अगदी रास्त आहे. आमच्याकडे मोठी साडेचार वर्षांची, धाकटा दीडचा, आणि घर सध्या एका पगारावर चालतं. त्यामुळे हा हिशोब मी नीट बसून केलेला आहे.

नवं कापड आणून लहान मुलांचे रोजचे कपडे शिवण्यात पैसे वाचत नाहीत. मुलाच्या मापाला कापड कमी लागतं, पण काम मोठ्या माणसाच्या कपड्याएवढंच असतं. गळा तोच, बाह्या त्याच, बटणपट्टी तीच. टी-शर्ट, लेगिंग, बनियन तर घरी शिवायच्या फंदात पडूच नये. ताणलं जाणारं कापड असतं, साधी टीप मुलाने एकदा गुडघे वाकवले की तटकन तुटते. ते विकत घ्यावं, नाहीतर आपल्याच ग्रुपवर एकमेकींना द्यावं.

पैसे वाचतात ते घरात आधीच पडून असलेल्या कापडात, आणि घेतलेला कपडा आणखी एक वर्ष अंगाला बसेल असा करण्यात. लोक नेमकं हेच सोडतात आणि हौसेने नवा कटपीस आणतात, म्हणून शिवण महाग पडतं असं वाटतं.

सी-४०३ : माझ्याकडे आईची जुनी नारायणपेठ आहे. ती कापायला हात होत नाहीये.

बी-३०४ : कापायच्या आधी उजेडासमोर धरून बघ. जुनी साडी घडीवर विरते, पदराच्या दुमडीतही. दोन्ही अंगठ्यांनी थोडं ताणून पाहा. विरलेला भाग टाळून कापायचं.

आता हिशोब ऐक. साडीचा पन्ना, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंच असतो आणि काठ दोन्ही बाजूंना. चार वर्षांच्या मुलीच्या परकराची उंची २१-२२ इंच भरते. म्हणजे सव्वादोन मीटरचा तुकडा घेऊन मधोमध उभा चिरलास तर दोन परकर निघतात आणि दोघांनाही खाली स्वतःचा काठ. खाली दुमडावंसुद्धा लागत नाही. नेफा फक्त वेगळ्या पट्टीचा लावायचा. दोन बहिणी किंवा मावसबहिणी असतील तर याच्यासारखं दुसरं काही नाही.

एकीचाच शिवायचा असेल तर २६ इंच घे. वरचे चार इंच नेफ्याला आणि दोन आडव्या टक्सना (दुमडून शिवलेल्या चुण्यांना). अर्ध्या इंचाची एक टक्स एक इंच कापड खाते, म्हणजे पुढच्या वर्षी दोन्ही टक्स उसवल्यास की उंची दोन इंच वाढली. पोलक्याच्या बाजूच्या शिवणीत इंचभर माया (जास्तीचं कापड) सोड. उरलेल्या १९ इंचात दुसरा काठ आहे, तो पोलक्याच्या बाह्यांना.

सी-४०३ : हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी पूर्ण साडीचा घेर घालणार होते!

डी-१०२ : घेर सव्वादोन मीटरच्या वर नको वहिनी. लहान मुलगी अडखळते त्यात. आणि दिवाळीला घालणार म्हणून सांगतो, अस्तर सुतीच लावा. फुलबाजीची ठिणगी पडली तर पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. सुतीसुद्धा पेटतंच, तेव्हा फटाक्यांच्या वेळी परकर बदलून साधा आखूड सुती फ्रॉक घालावा हे उत्तम.

ए-२०२ (काका) : चांगली चर्चा चालू आहे. त्यातच एक विनंती. रात्री साडेदहानंतर वरून मशीनचा आवाज येतो, हादरे जाणवतात. कोणाकडे असेल त्यांनी कृपया बघावं.

बी-३०४ : काका, आमच्याकडचाच आवाज असेल. मुलं झोपली की तेवढाच वेळ मोकळा मिळतो. आजपासून नऊनंतर मशीन बंद. रात्री हातशिलाई, बेतणं, उसवणं एवढंच करेन.

डी-१०२ : मशीनच्या चार पायांखाली दुमडलेलं गोणपाट किंवा जाड रबराचे तुकडे घाला. आवाज हवेतून कमी, फरशीतून जास्त जातो.

ए-२०२ (काका) : धन्यवाद बेटा. मला राग नाही. हिची मशीन पण अशीच चालायची.

ए-५०१ : बरं, साडीचं पटलं. पण कपडा आणखी वर्षभर बसवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? शाळेचा युनिफॉर्म दर वर्षी नवा घ्यावा लागतो आम्हाला.

बी-३०४ : युनिफॉर्म घेताना एक माप मोठा घ्यायचा. पँट किंवा पिनोफ्रॉक लांब होतो, तो खाली तीन इंच आत दुमडून हाताने तुरपाई करायची. मशीनची टीप अजिबात नको, कारण ती उसवली की भोकं दिसतात. कंबर सैल झाली तर नेफ्याच्या आतल्या बाजूला छोटी चीर देऊन इलॅस्टिक ओवायचं. ते मुलाच्या कंबरेच्या मापापेक्षा दोन इंच कमी घ्यायचं आणि टोक पिनेने अडकवायचं, शिवायचं नाही. मुलगा वाढला की पिन सरकवता येते. फक्त पिन आतल्या पट्टीत राहील आणि अंगाला टोचणार नाही याची खात्री करून मगच शाळेत पाठवा.

दुमड सोडली की जुन्या घडीची पांढरट रेघ राहते, त्याने सगळे नाराज होतात. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या, फडका भिजवून रेघेवर ठेवा आणि वरून गरम इस्त्री फिरवा. बरीचशी जाते. आधी आतल्या शिवणीवर रंग जातो का ते बघा.

गुडघ्यांचं मात्र आधीच करावं. भोक पडल्यावर ठिगळ लावायला जागाच राहत नाही, कड विरलेली असते. पँट नवी असतानाच आतून त्याच रंगाच्या कापडाचा तुकडा गुडघ्याच्या जागी बसवला तर पँट खूप जास्त टिकते. आमच्या धाकट्यापर्यंत ती येते, हीच तर कमाई.

ए-५०१ : पिनेचं फारच छान. आणि दीड वर्षाचं मूल आजूबाजूला असताना तुम्ही सुया-टाचण्या कशा सांभाळता? माझी खरी भीती तीच आहे.

बी-३०४ : टाचण्या वापरतच नाही. कपडे वाळत घालायचे छोटे चिमटे लावते, पडले तरी दिसतात. सुया एकाच पिनकुशनमध्ये, मोजून. उठताना पुन्हा मोजते. शेवटी जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक फरशीवरून आणि चटईखालून फिरवते. मूल जागं असताना कापायचं काम करतच नाही, कात्री वरच्या कपाटात. मोठीला मात्र शेजारी बसवते. पुठ्ठ्याला भोकं पाडून दिलीत आणि बुटाची नाडी दिली की ती त्यातून धावदोरा घालत बसते.

ई-३०१ : मी सातव्या महिन्यात आहे. बाळंतविड्यात काय काय घरी शिवता येईल? झबली, दुपटी, कुंची, मोहरीची उशी?

बी-३०४ : किती आनंदाची बातमी! झबली नक्की. घरातली वापरून मऊ झालेली सुती साडी घे, नवं कापड खळीमुळे टोचतं. नवंच घ्यायचं झालं तर आधी धुऊन, आटवून मग बेत. पहिल्या दोन महिन्यांची झबली शिवण बाहेर ठेवून शिवायची, आतली कड बाळाला बोचत नाही. बटणं नकोत, बाजूला छोटे बंद.

सी-२०१ (डॉक्टर) : मी बालरोगाचं काम करते म्हणून मध्ये बोलते. झबली उत्तम. मोहरीची उशी मात्र नको. वर्षाच्या आतल्या बाळाला उशी लागतच नाही, सपाट आणि घट्ट अंथरुणावर उताणं झोपवायचं. झोपेत अंगावर जड किंवा सैल पांघरूण नको, ते तोंडावर येऊ शकतं. कुंची बाहेर नेताना ठीक, झोपवताना काढून ठेवा. गळ्याशी लांब नाडी कोणत्याच लहान मुलाच्या कपड्याला असू नये. बाहुलीला बटणाचे डोळेही नकोत, तीन वर्षांखालचं मूल ते उपटून तोंडात घालतं. डोळे दोऱ्याने भरावेत.

ई-३०१ : सासूबाईंना हा मेसेज दाखवते. मोहरी आणून ठेवली आहे त्यांनी.

सी-२०१ (डॉक्टर) : त्यांना म्हणावं, मोहरी फोडणीला वापरा आणि त्यांच्या हातची दुपटी शिवून द्या. त्यांची माया त्यात जास्त पोचेल.

ए-१०१ : (आजी सांगतायत, मी नात टाइप करतेय.) "पोरींनो, दुपट्याला तीन पदरांच्या वर जाऊ नका. वर एक, खाली एक, मध्ये एक. जाड केलंत की पावसाळ्यात वाळत नाही, आणि ओलसर दुपटं बाळाला वाईट. आमच्या गावाकडं वाकळ शिवायची म्हणजे चार बायका अंगणात बसायच्या. कडेपासून सुरुवात करायची आणि धावदोरा घालत आत आत मध्यापर्यंत यायचं. कंट्रोलचं (रेशनवरचं) कापड मिळायचं त्या काळात धडुत्याचा तुकडा टाकत नव्हतो. साडी फाटली की दुपटं, दुपटं विरलं की लंगोट, आणि मग पुसायचं फडकं."

सी-४०३ : आजी, तुमच्याकडून हे शिकायचंच आहे. धावदोरा किती मोठा घालायचा?

ए-१०१ : "बोटाच्या पेराच्या निम्मा. लहान घातला की बळकट, पण हात दुखतात. दोरा जाड घ्यायचा आणि मेणावरून ओढायचा, गुंता होत नाही."

डी-१०२ : जाड सुती दोरा, कटपीस वगैरे हवं असेल तर पुण्यात रविवार पेठेत कापडगंजात बघा. बटणं-लेस तुळशीबागेत. इथल्या दुकानापेक्षा स्वस्त, पण रिक्षाचं भाडं धरून ठरवा. दोन-तीन घरांचं एकदम आणलं तरच परवडतं.

ए-५०१ : मी रोज तिकडूनच येते. यादी द्या, आणते. शिवायला वेळ नाही, पण हे करू शकते.

बी-३०४ : ताई, हे सगळ्यात मोठं काम आहे. खरंच.

ए-१०१ : "शनिवारी चारला क्लब हाउसमध्ये या. कड कशी धरायची ते हातात हात धरून दाखवते. सांगून येत नाही ते."

बी-३०४ : आजी, तुमच्यामुळे नवीन पिढीच्या हातात हे येईल. ज्यांना यायचंय त्यांनी साड्या धुऊन, फॉल-पिना काढून आणा. सुती आणि सिंथेटिक वेगळ्या गाठोड्यात बांधा, एकाच गोधडीत मिसळल्या तर एक आटते आणि दुसरी फुगते. ई-३०१, तू काही आणू नकोस, फक्त ये. दुपट्यांचं आम्ही बघतो.

ए-५०१ : चार जुन्या जीन्स आहेत माझ्याकडे. गोधडीला चालतील?

बी-३०४ : गोधडीला नको, सुई जात नाही आणि धुताना जड होतात. त्यांच्या भाजीच्या पिशव्या करू. २०१८ ला प्लास्टिकबंदी आली तेव्हापासून आमच्या घरी त्याच चालू आहेत. पायाचा सरळ भाग कापायचा, खालचं तोंड दोनदा शिवायचं, आणि बंद कमरेच्या पट्टीचे करायचे. ती पट्टी आधीच दुहेरी असते, पाच किलो कांदे आरामात उचलते.

सी-४०३ : परकर बेतून झाला! दोन निघाले, नणंदेच्या मुलीलाही एक. उरलेल्या १९ इंचाचं काय करू? पोलकं एकच शिवायचंय.

बी-३०४ : अगं, दोन काढलेस म्हणजे पन्ना संपला, १९ इंचाची पट्टी उरणारच नाही. ती एकच परकर काढला तर. पदराकडचा भाग उरला असेल, त्यात पोलकं काढ. फक्त बाह्या आडव्या बेत, म्हणजे पदराची नक्षी दंडावर नीट येईल.