उत्तर: [मंडळ-सभासद] दसऱ्याचा बंदूक उपक्रम – फॉर्म ४४७३ वर सही कोण करणार?

प्रेषक: मेधा (खजिनदार)

मंडळी, शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. दसऱ्याला सभासदांना प्रशिक्षण देऊन शॉटगन फुकट वाटायचं ठरलंय, त्यासाठी देणगीदारांचा चेक आलाय, मेमोत "शॉटगनसाठी" असं लिहून. दुकानदार म्हणतो, मंडळाच्या नावावर घ्यायच्या तर पदाधिकाऱ्याने ४४७३ (बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म) भरायचा आणि सोबत शपथेवर लिहून द्यायचं की बंदूक संस्थेच्या वापरासाठी आहे आणि संस्थेच्याच मालकीची राहील. आपण तर प्रशिक्षण झालं की वाटून मोकळे होणार. मी सही करणार नाही. ढोलांच्या कस्टम्सच्या कागदांवर मीच केली होती, पुरे झालं.

प्रेषक: श्रीरंग

मेधाताई, उगाच बाऊ नको. हे टेक्सास आहे. खासगी माणसाने खासगी माणसाला बंदूक दिली तर इथे कागद लागत नाही, पार्श्वभूमी तपासणीही नाही. २०१३ साली इथेच ह्यूस्टनमध्ये आर्म्ड सिटिझन प्रोजेक्ट नावाच्या संस्थेने ओक फॉरेस्ट भागात प्रशिक्षण देऊन शॉटगन फुकट वाटल्याच होत्या. लोकांच्या घरातलं सोनं चोरीला जातंय आणि आपण फॉर्मवर चर्चा करतोय. तुझ्या स्वतःच्या नावावर घे आणि भेट दे. भेट द्यायला बंदी नाही.

प्रेषक: अनघा

श्रीरंग, मी इमिग्रेशनची वकील आहे, शस्त्रांची नाही. तरी एवढं सांगते.

भेट चालते, पण स्वतःच्या पैशाने दिलेली. दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्यासाठी घ्यायची आणि फॉर्मवर "खरा खरेदीदार मीच" असं लिहायचं, याला स्ट्रॉ पर्चेस म्हणतात. अब्राम्स्की खटल्यात (२०१४) पुतण्याने काकांच्या चेकवर काकांसाठी पिस्तूल घेतलं. काका स्वतः कायद्याने बंदूक घ्यायला पूर्ण पात्र होते, तरी पुतण्याची शिक्षा सुप्रीम कोर्टाने कायम ठेवली. २०२२ पासून अपात्र माणसासाठी केलेल्या स्ट्रॉ पर्चेसला स्वतंत्र कलम आहे, १५ वर्षांपर्यंत कैद. मेधाला यात ढकलू नका.

हाताहात देण्याचं म्हणशील तर कागद लागत नाही, पण अपात्र माणसाला द्यायची बंदी आहेच. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावाल्यांनी बंदूकच काय, काडतूसही बाळगायचं नाही. भेटीला आलेले आईबाबा बी-२ या पर्यटक व्हिसावर, म्हणजे तेही. समोरचा अपात्र आहे हे ठाऊक असताना, किंवा तसा संशय यायला सबळ कारण असताना दिली, तर देणाराही गुन्हेगार. आणि या लिस्टवर आपण एकमेकांच्या प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख) तोंडपाठ म्हणून दाखवतो. "आम्हाला माहीत नव्हतं" हे कोणत्या तोंडाने सांगणार?

प्रेषक: नाना

आमच्या आजोबांकडे देवगडला ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. रानडुकरांसाठी. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, निकालानंतर आणायची. एकदा परत मिळाली ती दुसऱ्याचीच, दस्ता वेगळा. आजी म्हणाली, असू दे, आपलीपेक्षा बरी दिसते. सांगायचा मुद्दा, परवाना ही चांगली पद्धत आहे.

प्रेषक: वैशाली

नाना, देवगडला कुठे? माझं माहेर जामसंडे. आमच्याकडे ती बंदूक खंडेनवमीला देवघरासमोर यायची, झेंडूची माळ घालून. कोयता, विळी, काकांची लुना पण ओळीत.

प्रेषक: केदार

वर्गणी घेताना कोणी व्हिसा विचारत नाही, गणपतीला खुर्च्या लावतानाही नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा वर्षं उभा आहे. घर माझंही आहे, सोनं बायकोचंही आहे. शिवाय शिकारीचा परवाना काढला की व्हिसावाल्यालाही चालतं असं ऑफिसात ऐकलंय. अनघाताई, हे खरं का?

प्रेषक: अनघा

केदार, खरं आहे. कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर सूट मिळते. पण तो आज चालू आहे की गेल्या महिन्यात संपला, हे कोण बघत बसणार? संपला आणि बंदूक कपाटात राहिली की तू अपात्र. ग्रीन कार्डवाल्यांनीही निर्धास्त होऊ नये. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर हद्दपारीचं वेगळं कलम आहे. माझ्याकडे अशी माणसं येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो.

प्रेषक: सतीश (हिशेब तपासनीस)

मला कोणी विचारलं नाही, तरी. आपण ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था आहोत. "फक्त वर्गणीदार सभासदांना" असं फ्लायरवर कोणी छापलं? धर्मादाय संस्थेने आपल्याच सभासदांना वस्तू वाटल्या तर तो खासगी लाभ. लाभार्थी कोण, कोणत्या निकषावर, हे ठरावात लिहा. नवा उपक्रम आहे, फॉर्म ९९० मध्ये, म्हणजे संस्थेच्या वार्षिक कर-विवरणातही दाखवावा लागेल. विम्याची पॉलिसी काढून वाचली: गणपतीची मिरवणूक, जेवण, ढोल सगळं आहे, शस्त्रं स्पष्ट वगळलीत. स्वयंसेवकांना १९९७ च्या फेडरल कायद्याचं थोडं संरक्षण आहे, पण साध्या चुकीपुरतं, घोर निष्काळजीपणाला नाही. आणि ते संस्थेला लागू नाही. दावा आला तर हॉलचं डिपॉझिटही जाईल.

प्रेषक: मराठी शाळा समिती

फ्लायरवर "प्रात्यक्षिक मराठी शाळेच्या हॉलमध्ये" आहे. आम्हाला न विचारता. ती स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे सरकारी शाळा आहे. लेखी परवानगीशिवाय तिथे बंदूक आणणं फेडरल कायद्यानेही गुन्हा आहे आणि टेक्सासच्याही. गोळ्या नसल्या तरी. तिथे बालवर्ग भरतो. फ्लायर आजच्या आज काढा.

प्रेषक: श्रीरंग

हॉलचं माझं चुकून राहिलं, काढतो. पण प्रत्येक गोष्टीला नन्नाचा पाढा असेल तर मंडळाने फक्त कोजागिरीचं दूध आटवावं.

प्रेषक: मेधा (खजिनदार)

दुकानदाराशी पुन्हा बोलले. त्याचं म्हणणं, मंडळाने बंदूक विकतच घेऊ नये. लाभार्थ्याने स्वतः दुकानात यावं, स्वतःचा ४४७३ भरावा, एफबीआयची तपासणी पास व्हावी, आणि बिलाचे पैसे मंडळाने परस्पर दुकानाला द्यावेत. म्हणजे खरा खरेदीदार तोच आणि अपात्र माणूस काउंटरवरच थांबतो. अनघा, हे तुझ्या ओळखीच्या शस्त्रांच्या वकिलाकडून लेखी आणून दे, फी चेकमधून.

प्रशिक्षण शूटिंग रेंजवर, रेंजच्याच प्रशिक्षकाकडून, रेंजच्याच विम्यात. हातात बंदूक घेण्याचा भाग फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी. बाकीच्यांना, केदार तुलाही, सुरक्षित साठवणुकीचा वर्ग आणि तिजोरीची पेटी. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवली तर टेक्सासमध्ये पालकावर गुन्हा आहे, तेव्हा ते सगळ्यांनाच लागणार. देणगीदारांना मेमो बदलायला सांगितलाय. ते "नाही" म्हणाले तर चेक परत.

प्रेषक: केदार

पेटी किती इंची? दागिने मावतील का?

प्रेषक: वैशाली

नाना, तुम्ही सांगितलं नाहीत, देवगडला कुठे?