पिकअपची चाचणी रिकाम्या हौद्याने का घेतात?

मी देवगडचा, आंबा वाशीला नेतो. मासिकात टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस या दोन पिकअपची तुलना वाचली. एकीचं इंजिन २.८ लिटर, दुसरीचं १.९, शून्य ते शंभर किती सेकंदांत, यातच पान भरलंय. हौदा रिकामा! पेट्या भरून गगनबावडा चढवा ना.

कणकवली: बराबर. मागचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) मालासाठी कडक असतात, रिकामी गाडी उडणारच. त्यावर गुण कापणं अन्याय.

रत्नागिरी: पण ब्रेकचं अंतर एकाच रस्त्यावर, यंत्राने मोजतात. ते आपल्याला जमेल का? तेवढं धराच.

हर्णै: माझ्या हौद्यातून मासळीचं खारं पाणी चासीवर ठिबकतं. गंज दोन पावसाळ्यांनी दिसतो, चाचणी चार दिवसांत संपते.

देवगड: ब्रेकचं पटलं. बाकीसाठी चाळीस पेट्या घेऊनच शोरूमला जातो.